आमच्या शाळेतली अमेरिका

स्टाफरूममध्ये दहा वर्षं काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपसूक साठतात. नारायणगावापासून जीपनं अर्ध्या तासावरची आमची शाळा तर त्यांचं कोठारच! शहाण्णव-सत्त्याण्णवला मी तिथं गणित शिकवायचो. आठवलं की अजून डोकं फिरतं.

*

इतिहास हेडमास्तर स्वतः घ्यायचे. अमेरिकेतल्या काळ्या लोकांवरचा अन्याय शिकवताना ते टेबलावर मूठ आपटायचे. "बसमधली सीट सोडली नाही म्हणून बाईला अटक! माणसं का जनावरं?"

तास संपला, चहा आला. सगळ्यांना कपबशी, नव्यानं आलेल्या सोनवणे सरांना तेवढा काचेचा ग्लास.

"कप कमी हायेत," शिपाई म्हणाला.

मी नारायणगावहून सहा कप आणले. दुसऱ्या दिवशी कप उरले, तरी सरांच्या हातात ग्लासच! हेडमास्तर म्हणतात कसे, "त्यांना ग्लासच आवडतो."

*

गॅदरिंगला अमेरिकेतल्या गोऱ्यांच्या हॉटेलावर नाटुकलं बसवायचं ठरलं. पीटीच्या मास्तरांनी हाकलून द्यायची काळी गिऱ्हाइकं म्हणून नेमकी दलित वस्तीतली तीन पोरं उभी केली. वर म्हणाले, "तुमाला काय शिकवायला नको!"

एक पोरगा म्हणाला, "मास्तर, ते आमी रोजच करतो. गॅदरिंगला तरी गोरं करा की!"

नाटुकलं रद्द. त्याऐवजी कोळीनृत्य झालं.

*

सोनवणे सर सायन्स लई झकास शिकवायचे. बायको आणि तान्ही मुलगी मंचरला, सर रोज दोन जीपा बदलून यायचे. गावात खोली मिळेना. "सोनवणे म्हंजी कुठले? पावणं कोण?" असं करत करत लोक जातीवर यायचे. सर सरळ सांगून टाकायचे, आणि खोली कालच गेलेली असायची! दिवाळीपर्यंत नाही मिळाली तर बदली मागतो, म्हणाले.

हेडमास्तर त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचे. "काय करता राव, गावची माणसं अडाणी!"

मला सगळं दिसत होतं आणि मी गप्प होतो. त्याची लाज वाटते.

*

दिवाळीच्या तोंडावर तपासणीला साहेब आले. हेडमास्तरांनी अमेरिकेचाच पाठ घेतला. आम्ही शिक्षक मागं उभे, सोनवणे सरही.

साहेबांनी वर्गाला विचारलं, "तिकडं काळ्या माणसाला घर भाड्यानं द्यायचं टाळायचे. कसं टाळत असतील?"

पहिल्या बाकावरून हेडमास्तरांची मुलगी मंगल उठली.

"आधी बसा म्हनायचं. च्या द्यायचा. पावणं कोण ते इचारायचं. मग म्हनायचं, खोल्यांत कांदा भरायचाय."

साहेब एकदम खूश! "शाब्बास! कुठल्या पुस्तकात वाचलंस?"

"पुस्तकात न्हाई, सर. सोनवणे सर घरी आलते तवा आमचे आप्पा म्हनले व्हते. कांदा अजून भरला न्हाई!"