खिशातला कांदा

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आई-अण्णांना अमेरिकेतली वाळवंटी राष्ट्रीय उद्यानं दाखवत फिरत होते. एका लाल कड्यापाशी गाडी थांबवली. मी पाणी काढेपर्यंत अण्णा पायवाटेने निघूनही गेले. वाटेच्या तोंडाशी पाटी होती: पाण्याशिवाय पुढे जाऊ नका, या उन्हात माणसं दगावली आहेत. अण्णांना इंग्रजी येत नाही. त्यांची बाटली सीटवरच होती.

"अगं, खिशात कांदा घेतलाय त्यांनी," आई म्हणाली. "ऊन नाही लागायचं."

मी बाटली घेऊन धावले. सगळीकडे नुसता तापलेला दगड. दूरवर अण्णांची पांढरी टोपी ठिपक्याएवढी दिसली आणि कड्याआड गेली. मी हाक मारली, तर माझाच आवाज परत आला. लहानपणी मला सायकलवरून परीक्षेला नेताना ते माझ्याही खिशात कांदा ठेवायचे. तेव्हा मला उन्हाची भीती ठाऊक नव्हती. आता पाटी वाचता येते, आणि भीती तिथूनच सुरू होते. वाचण्याइतकं शिकवलं त्यांनीच.

वळणावर ते सावलीत बसले होते. मी बाटली पुढे केली आणि धापा टाकत तिथेच खाली बसले. त्यांनी कांदा काढून माझ्या तळव्यावर ठेवला.

"तू ठेव, बाई. ऊन तुलाच लागलंय."

परतताना मी तो मुठीत घट्ट धरला होता, आणि मागून त्यांच्या चपला वाजताहेत ना, एवढंच ऐकत होते.