शेजारचा हिरवा वाफा

लेकीची काळजी डोक्यातून जात नाही. परवा फोनवर ती आपणहून "मी मजेत आहे" म्हणाली, इतकंच. पण आमची भिंगरी मजेत असते तेव्हा तसं सांगायला तिला सवड नसते.

भाताच्या संशोधन केंद्रात ती काम करते. तिकडे पाऊस बेभरवशाचा. जमीन सुकली की मुळांना जस्त ओढून घेता येत नाही. म्हणून दाणा भरताना जस्ताचं पाणी थेट पानांवर फवारायचं. पानांतून ते दाण्यात उतरतं, दाण्यातून खाणाऱ्याच्या अंगी लागतं. हे समजावताना केवढी खुलली होती!

राहते माझ्या मोठ्या जाऊबाईंकडे, आणि मनातलं सगळं त्यांनाच सांगते. माझ्या वाट्याला "जेवले गं" एवढंच. मला ते खुपतं. जळकेपणा तिनं माझाच उचललाय म्हणा. लहानपणी भावाचा पेला काठोकाठ दिसला की हिला आपलाही पुन्हा भरून हवा असे.

आजची बातमीही जाऊबाईंकडूनच कळली. भिंगरीच्या वाफ्याशेजारचा वाफा तिच्या मैत्रिणीचा. मागच्या हंगामात तिच्या दाण्यात जस्त जास्त उतरलं, म्हणून सरांनी चारचौघांत तिची पाठ थोपटली. तेव्हापासून आमच्या बाई धुमसत होत्या. यंदा पंपात दुप्पट जस्त घातलं आणि संध्याकाळची वाट न पाहता भर उन्हात फवारलं. पानं भाजून निघाली. उद्या सकाळी सरांची पाहणी.

"मी सांगितलं, करपा पडला म्हण. रोगापुढे कुणाचं काय चालतं?" जाऊबाई म्हणाल्या. "गळ्यात पडून रडली गं माझ्या."

तो गळा माझा का नव्हता, यातच मी थोडा वेळ अडकले. मग लक्षात आलं, करपा म्हटलं की शेजारच्या वाफ्यावरही औषध मारणार, त्यानं मोजमाप बिघडणार आणि दोन्ही वाफे प्रयोगातून बाद होणार. त्या मुलीचं वर्षभराचं काम मातीत.

लगेच लेकीला फोन लावला. खरं सांगून टाक म्हटलं.

"करपाच आहे, आई. काकूपण तेच म्हणाली."

काकूपुढे माझी डाळ शिजत नाही, हे मला नवीन नाही. आता जाऊबाईंनाच फोन करते. झोपल्या असतील तर उठवते. म्हणते, जाऊबाई, पोर तुमचंच ऐकते. सकाळी तिच्याबरोबर वाफ्यावर जा आणि तिला खरं बोलायला लावा.