परत म्हणजे परत

शाळेत त्यांना सगळे शूबाई म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते फक्त कारकुनाला माहीत. ग्रंथालयाच्या दारातून कुणी आत पाऊल टाकलं की बाई ओठांवर बोट ठेवून 'शूऽऽ' करीत, म्हणून शूबाई. गंमत अशी, की गेली कित्येक वर्षं त्या खोलीत गप्प करण्यासारखं कुणी येतच नव्हतं. आलाच एखादा तर तो खडू मागायला, नाहीतर गणिताचा तास चुकवायला. तरी बाईंची सवय सुटली नाही. घरीसुद्धा त्या कुजबुजतच बोलत. नवरा शिंपी. मशीनच्या खडखडाटात त्याला त्यांचं एक अक्षर ऐकू येत नसे, आणि या दोघांचा संसार इतका सुखाचा कसा, याचं उत्तर शेजारणी त्यातच शोधत.

पुस्तकांची डागडुजी बाई स्वतः करीत. नवऱ्याच्या दुकानातला उरलेला दोरा आणि अस्तराचे तुकडे आणून त्या खिळखिळ्या पुस्तकांच्या पाठी शिवून काढत. त्यामुळे त्या ग्रंथालयात समुद्री चाच्यांची गोष्ट गुलाबी साटीनमध्ये आणि पऱ्यांची गोष्ट पँटच्या करड्या कापडात अशी ऐटीत उभी असे. एवढं नटवून थटवून ठेवायचं आणि बघायला काळं कुत्रं फिरकायचं नाही, याचं बाईंना फार वाईट वाटे. बोलून दाखवत नसत. दाखवलं असतं तरी ऐकू कुणाला आलं असतं?

एके दिवशी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्यांना बोलावून घेतलं.

"स्पष्टच सांगते, बाई. संस्थेचं म्हणणं आहे, एवढी मोठी खोली नुसती अडकून पडलीय. तिथं बैठकीची खोली करायची आणि पुस्तकं कपाटांत भरून जिन्याखाली ठेवायची."

"आणि मी?"

"तुम्ही प्रवेशाच्या खिडकीवर. अर्ज घ्यायचे, शिक्का मारायचा."

शिक्का मारायला त्यांची हरकत नव्हती, पण शिक्क्याला काही पाठ शिवावी लागत नाही आणि तो कुणाला वाचूनही दाखवता येत नाही.

"मी एक सत्र मागून घेतलंय," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा मऊ झाला होता. "तुम्हांला संगणक देते, मुलांना ओढून आणणारा संगणकावरचा एक नवा कार्यक्रमही देते. सत्र संपताना अध्यक्ष स्वतः येणार आहेत. खोली भरलेली दिसली तर तुमची. नाहीतर खिडकी."

संगणक आला. त्याच्यासोबत पुस्तकांच्या मागच्या काळ्या रेघा वाचणारं एक हातातलं यंत्र आलं, आणि दोन्ही शिकवायला संगणकाचे सर आले. सर कायम घाईत. त्यांना एकाच वेळी तीन ठिकाणी जायचं असे आणि ते चौथ्याच ठिकाणी सापडत.

"हे रेघांवर धरायचं, टूँ वाजलं की 'द्या' दाबायचं, झालं!" सर दारातूनच म्हणाले. "बाकी सगळी बटणं मराठीतच आहेत, बाई. वाचलं की कळतं."

बाईंनी वाचलं. त्यांना कळलं. तिथंच घोटाळा झाला.

यंत्र मोठं लहरी निघालं. कधी खणखणीत टूँ करी, कधी घशातल्या घशात पुटपुटे. पुस्तक दिल्याची नोंद झाली की नाही, हे बाईंना समजेना. पण 'द्या'च्या शेजारी एक हिरवं बटण होतं आणि त्यावर लिहिलं होतं 'परत'. बाईंना ते यंत्र तेवढ्यापुरतं सभ्य वाटलं. पहिल्या वेळी नसेल ऐकू आलं तर परत सांगा, असं निदान म्हणतंय तरी! घरी नवऱ्याला प्रत्येक गोष्ट परत सांगायची त्यांना सवयच होती. म्हणून त्या 'द्या' दाबत आणि लगेच 'परत' दाबत. पोरानं पुस्तक हलवलं असेल, यंत्र पुटपुटलं असेल, तर परत परत दाबत.

आता तो मुलांना ओढून आणणारा कार्यक्रम. व्हरांड्यात एक मोठा पडदा लावला होता. त्यावर एक डोंगर, आणि डोंगराच्या पायथ्याशी प्रत्येकाच्या नावाची एक गोगलगाय. पुस्तक वाचून आणून दिलं की गोगलगाय एक पायरी चढणार. कार्यक्रम स्वभावानं भोळा होता. 'परत' दाबलं गेलं की एक पुस्तक वाचून झालं, असं तो धरून चाले आणि अधिक चौकशी करत नसे.

चार-दोन पोरं कुतूहलानं आली. पुस्तक घेऊन बाहेर पडतात तो काय, त्यांच्या गोगलगायी निम्म्या डोंगरावर! मग काय विचारता. मधल्या सुट्टीत ग्रंथालयापुढे रांग लागली. शाळेतल्या पोरांना दोनच गोष्टी चटकन कळतात, कुणाला रागावता येत नाही आणि कुठं फुकट मिळतं. शूबाईंच्या टेबलाशी दोन्ही होतं. मात्र गोगलगाय चढवायची तर एक पुस्तक घरी न्यावंच लागे, आणि नेलेलं पुस्तक दप्तरात पडून असलं की कंटाळा आल्यावर हात तिकडेच जाणार. बाईंचं 'शूऽऽ' आता खरोखर उपयोगी पडू लागलं. त्या इतक्या खूश होत्या, की शूऽऽ करतानाही हसत.

अडचण आली ती खेळाच्या सरांची. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून पोरं त्यांना शिट्टीसर म्हणत. यंत्र बसवलं त्याच दिवशी ते दोरीच्या गाठी मारायचं एक पुस्तक घेऊन गेले होते, आणि तेव्हा बाईंचा हात नवा असल्यामुळे त्यांनी ते बटण जरा मन लावून दाबलं होतं. परिणामी शिट्टीसरांची गोगलगाय थेट शिखरावर, हातात झेंडा घेऊन. सहकारी अभिनंदन करू लागले. एका पालकानं तर चष्मा कुठून बनवता म्हणून चौकशी केली. शेवटी सर घाबरेघुबरे होऊन ग्रंथालयात आले.

"बाई," ते हळूच म्हणाले, "मी नक्की काय काय वाचलंय?"

"ते तुम्हांला माहीत, सर."

"मला विचारतात हो लोक. निदान एक तरी द्या."

बाईंनी त्यांना एक जाडजूड शिकारकथा दिली. आणि अर्थातच, परत दाबलं.

अध्यक्ष यायला दोन दिवस राहिले तेव्हा मोठ्या बाईंनी आपल्या खोलीत बसून संगणकावर सगळा हिशोब पाहिला. सगळ्या गोगलगायी डोंगरावर. बाहेर असलेली पुस्तकं, शून्य. सगळी पुस्तकं जागच्या जागी. त्या समाधानानं खाली आल्या, ग्रंथालयाचं दार उघडलं आणि उंबऱ्यातच थबकल्या. फळ्या रिकाम्या होत्या. एका कोपऱ्यात जुनी पंचांगासारखी दिसणारी दोन-तीन व्याकरणं तेवढी एकमेकांना धरून उभी होती.

संगणकाच्या सरांना बोलावलं गेलं. चौथ्या ठिकाणाहून ते धावत आले.

"बाई, मला एक पुस्तक देऊन दाखवा बघू."

बाईंनी व्याकरण दिलं. टूँ. 'द्या'. 'परत'.

"हे काय दाबलंत?"

"परत."

"अहो, पण पुस्तक तर आत्ताच दिलंत!"

"म्हणून तर परत. एकदा सांगून त्याला कळलं याचा काय भरवसा?"

"परत म्हणजे परत आलं, बाई! पुस्तक परत आलं!"

"परत म्हणजे परत! पुन्हा!" बाईंचा आवाज चढला, म्हणजे दोन हातांवर ऐकू येऊ लागला. "तुमची बायको 'परत सांगा' म्हणते तेव्हा तुम्ही तिला काय आणून देता?"

मराठीच्या दृष्टीनं दोघांचंही बरोबर होतं, आणि त्याचा कुणालाच काही उपयोग नव्हता.

"म्हणजे कुठलं पुस्तक कुणाकडे आहे, याचा संगणकाला पत्ताच नाही?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"एकेक पुस्तक हातात आलं तरच नोंद सरळ होईल," सर म्हणाले.

"मग आणवा, बाई. सगळी. परवा अध्यक्षांना रिकाम्या फळ्या दाखवून मी ही खोली कुठल्या तोंडानं मागू?"

दुसऱ्या दिवशी शूबाई मोठी पिशवी घेऊन वर्गावर्गांतून फिरल्या. आजवर त्या पुस्तकं घ्या म्हणून विनवत आल्या होत्या. आता पहिल्यांदाच द्या म्हणत होत्या, आणि ते जिवावर आलं होतं. त्यातून पोरं ऐकेनात.

पाचवीतली एक मुलगी, जिला सगळे टिटवी म्हणत, पुस्तक पोटाशी धरून बसली. "बाई, होडी अजून बुडालेली नाही!"

"ती बुडणारच आहे का?"

"चित्रात बुडालीय. पण मी अजून चित्रापर्यंत पोचले नाही."

आता यावर काय बोलणार? एकाचं पुस्तक त्याच्या काकानं पळवलं होतं आणि काका दाद देत नव्हता. एकीनं दुसरीला दिलं होतं, दुसरीनं तिसरीला, आणि तिसरी रडायला आली होती कारण तिला ते मिळून एकच दिवस झाला होता. शिट्टीसर चेंडूंच्या पेटीवर बसले होते ते बाईंना पाहून उठेचनात. "उद्या देतो, बाई. वाघ नुकताच जखमी झालाय." संध्याकाळी पिशवीत जमली ती कुणालाच न आवडलेली मोजकी पुस्तकं.

बाई तशाच नवऱ्याच्या दुकानात जाऊन बसल्या. त्यानं त्यांचा चेहरा पाहिला आणि मशीन थांबवलं.

"मला नाही जमत," बाई म्हणाल्या. "दप्तरातून ओढून घेतली असती तर मिळाली असती. पण ती वाचतायत हो. खरंच वाचतायत."

"मग नको ओढूस."

"खिडकीवर बसावं लागेल."

नवऱ्यानं हातातलं कापड बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "बसशील. वाईट वाटेल, ते वाटू दे. मी आहे ना." आणि मशीन सुरू करायचं विसरून तसाच बसून राहिला.

अध्यक्ष ठरल्याप्रमाणे आले. काखेत जाडजूड फाइल होती. बैठकीच्या खोलीत टेबल कुठं, खुर्च्या कुठं, सगळं तिच्यात काढलेलं. त्यांनी फळ्यांवरून नजर फिरवली.

"ही तर रिकामीच आहे. मग अडचण कसली?"

मोठ्या बाईंनी काही बोलायच्या आत शूबाई पुढं झाल्या. "पुस्तकं मुलांकडे आहेत, साहेब. नोंद चुकलीय, ती माझी चूक. मागायला गेले तर मुलं देईनात, आणि मला हिसकावून घ्यायची नाहीत. खिडकीवर बसायची माझी तयारी आहे. पण ती पुस्तकं अर्ध्यात काढून घेऊ नका."

अध्यक्ष काही म्हणणार एवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली. पाहता पाहता खोली पोरांनी गच्च भरली. मोठ्या बाई खिडकीपर्यंत ढकलल्या गेल्या. अध्यक्षांचा एक बूट कुणीतरी तुडवला. पोरं रिकाम्या फळ्यांमागं हात घालून चाचपत होती, "बाई, काहीच उरलं नाही का?" म्हणत होती, आणि व्याकरणावर दोघांची जुंपलेली होती. त्या गर्दीतून टिटवी वाट काढत अध्यक्षांपर्यंत पोचली. होडी बहुधा बुडाली होती. तिनं त्यांच्या काखेतल्या फाइलला हात लावला.

"काका, हे तुमचं वाचून झालं का? झालं असेल तर पुढचा नंबर माझा."

अध्यक्षांनी तिच्याकडे पाहिलं, मग फाइलकडे.

"नाही गं," ते म्हणाले, "हे काही वाचण्यासारखं नाही." त्यांनी फाइलची दोरी घट्ट बांधली आणि शूबाईंकडे वळून विचारलं, "नवीन पुस्तकं किती लागतील तुम्हांला?"

बाई टेबलामागच्या आपल्या खुर्चीत बसल्या आणि एवढ्या पोरांदेखत, कुणालाही गप्प न करता, रडल्या.