शेजारच्या स्टुलावरून दिसणारा पडदा

हळदीच्या अडतीत उभं आयुष्य गेलं, तरी ‘शेठ तळहाताआड आकडा मांडतो’ हा आरोप मला आजही झोंबतो. हिशेब शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर मांडून लोकांची तोंडं बंद करावीत म्हणून नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी सांगलीत कॉम्प्युटरचा पडदा घ्यायला गेलो. नवा, सपाट पडदा मनात भरला होता. इंच आणि किंमत यावरून दुकानदाराशी माझी चांगलीच जुंपली होती.

तेवढ्यात लग्नपत्रिका छापणाऱ्या एक बाई आल्या. पदर खोचून त्या त्याच पडद्याभोवती फिरल्या, वाकल्या आणि अगदी कडेच्या स्टुलावर बसल्या.

“बाई, समोर बसून बघा की,” दुकानदार म्हणाला.

“समोर मी बसणार हो. नवरीकडची धा माणसं कडंनं बघत्यात. पडद्याच्या ह्या म्हायतीच्या कागदावर कोनाचे अंश दिल्यात, म्हंजे तेच न्हवं? किती कडंपर्यंत नीट दिसतंय ते?”

दुकानदारानं नाइलाजानं मान हलवली. बाई उठल्यावर मी त्या स्टुलावर बसून पाहिलं. आकडे पार काळवंडले होते! माझा शेतकरी तर कायम शेजारीच बसतो. मी जुन्या धाटणीचा, कडेनंही स्वच्छ दिसणारा जाडजूड पडदाच घेतला. बाई अजून दुसऱ्या बाजूनं वाकून बघत होत्या. त्यांनी शेवटी काय घेतलं, कोण जाणे.

पुढच्याच आठवड्यात एका शेतकऱ्याला शेजारी बसवून त्याच्या हळदीचा हिशेब केला. तो पडद्याकडे बोट करून म्हणाला, “आवं शेठ, वजनात एवढी तूट कशाची धरली?”

मी खवळलो. हळद वाळते किती, घटते किती, ते त्याला तावातावानं ऐकवलं. तो मान डोलवत होता, पण नजर काही पडद्यावरून हलवत नव्हता.