शिवेपर्यंतचा इंतजाम

आमच्या गावाएवढं धर्माचं गाव अख्ख्या मोगलाईत, निजामाच्या मुलुखात नाही, असं मामंजी म्हणायचे. मामंजी म्हणजे माझे सासरे, गावचे पाटील. लिंबागणेशाच्या अलीकडं आमचं गाव. लग्न होऊन आल्यापासून मीही तेच म्हणायला लागले होते. मग ते साल आलं.

नगरकडं, इंग्रजी मुलुखात, पाऊस फिरकलाच नव्हता. आमच्याकडं उशिरा का होईना, ज्वारी उभी होती. तिकडची माणसं डोंगर ओलांडून आली आणि आमच्या वेशीबाहेर चिंचेखाली बसली. बायका, म्हातारीकोतारी, कडेवरची पोरं. तहसीलदार साहेब घोड्यावरून स्वतः आले. माणूस भला. आसपासच्या गावांचे पाटील चावडीवर बोलावून म्हणाले, "कुणी उपाशी मरता कामा नये, आणि एकाच गावावर बोजाही नको. मिळून इंतजाम करा."

इंतजाम ठरायला वेळ लागला नाही. आमच्याकडं पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा काढतात. देवीला नैवेद्य दाखवायचा, ओटी भरायची, आणि वाजतगाजत गाडा पुढच्या गावाच्या शिवेवर सोडून यायचा. ते गाव तसंच करून त्याच्या पुढच्या शिवेवर नेतं. देवीचा मानही राहतो आणि तिचा मुक्कामही पडत नाही. ह्या माणसांचंही तसंच करायचं ठरलं. एक दिवस पोटभर जेवू घालायचं, दुसऱ्या सकाळी गाडीत बसवून पुढच्या शिवेवर पोचवायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. साहेब खूश. मीसुद्धा खूश, खोटं कशाला बोलू? घरोघर भाकरी थापल्या, पिठलं रटरटलं.

वाढताना एक बाई दिसली. माझ्याच वयाची, दिवस भरत आलेले. तिनं माझा हात धरला.

"बाई, मला गाडीत नका घालू. बाळंत होईस्तवर गोठ्यात पडू द्या. शेण काढीन, दळण दळीन."

मी आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना सांगितलं. त्यांनी मामंजींच्या कानावर घातलं. मामंजी म्हणाले, "एकीला ठिवलं की समदीच ऱ्हातील. आन् आपुनच नेम मोडला, तर पुढची गावं कावून पाळतील?"

आत्याबाई लई मायाळू. हिरवा खण काढून म्हणाल्या, "जा, वटी भर तिची. सुखानं जाऊ दे." मी खण, नारळ, तांदूळ घालून ओटी भरली. निघताना हलगी वाजली हो! हलगी! माणसं उपाशी म्हणून दारात आलेली, आणि आम्ही त्यांना वाजवत शिवेपार केलं. ती गाडीत मागं तोंड करून बसली होती. शेवटपर्यंत माझ्याकडंच बघत होती.

सुगी झाली, खळी उरकली. उगवतीच्या शिवेवरून माणसं गेली होती. एका दुपारी मावळतीच्या शिवेवर एक गाडी येऊन उभी राहिली. गाडीवाला ओरडला, "घ्या, आज तुमची पाळी!"

दुसरी कुणी असतील म्हणून मी भाकरीची पाटी घेऊन गेले. बघते तर, अगं बाई, तीच माणसं! गावामागून गाव, गोल फिरून आमच्याच दारात. गाडा पुढं ढकलायचा एवढं ठरलं होतं; तो थांबायचा कुठं, हे एकाही शहाण्याला सुचलं नव्हतं.

त्या बाईच्या डोक्याला आमचाच हिरवा खण गुंडाळलेला होता. पोट उतरलेलं. मांडी रिकामी.

"बाळ?" मी विचारलं.

ती रडली नाही. "झालं की. दोन गावांच्या शिवंवर, गाडीतच. हे म्हनले आमची पाळी सरली, ते म्हनले आमची अजून लागली न्हाई. पानी कुनी तापवायचं, ते ठरंस्तवर गेलं."

पाटी तिथंच टाकून मी चावडी गाठली. पाटलाची सून चावडीची पायरी चढत नाही. मी चढले. डोक्यावर पदर होता का नव्हता, देव जाणे. "मामंजी, ते गाडं आता कुटंबी जानार न्हाई. बैल जुपले तर मी चाकाम्होरं आडवी पडीन!" मामंजींनी आवाज चढवला. मी त्या बाईचं बोलणं जसंच्या तसं ऐकवलं. मामंजी खाली बघत म्हणाले, "गोठा झाडून घ्या. समद्यास्नी ठिवा."

आत्याबाईंनी तिला तेल लावून न्हाऊ घातलं. मी बाळंतिणीला देतात तसा तुपातला शिरा भरवला. "आता हितंच ऱ्हायचं," मी परत परत सांगितलं. ती नुसती मान हलवत होती.

सकाळी धार काढायला गेले, तर तिची जागा रिकामी. वेशीकडं पळाले. ती तिथं चिंचेखाली बसली होती, गाठोडं बांधून, एकटीच. मला बघताच उठली आणि पदर खोचला.

"बाई," ती म्हणाली, "आज कंच्या गावाची पाळी?"