आक्काला शिकवलेलं प्रोटीन

सेलूच्या ज्युनिअर कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवतो. शिकवतो कसलं, डोंबल! एकच धडा मनापासून शिकवला, तोही माझ्या थोरल्या बहिणीला, पाथरीजवळच्या तिच्या अंगणात बसून.

आक्काची बोटं सांधेवातानं सुजायची. शेरडांचं दूध काढताना कळवळायची बिचारी. वर्षभर डॉक्टरांनी दिलेली स्टिरॉइडची गोळी घेत होती, पण तिच्यावर भरवसा न ठेवता.

"ही गोळी आत जाऊन करती तरी काय रं?" तिनं विचारलं.

मला हुरूपच आला. म्हणालो, "पेशीत एक प्रोटीन असतं. ते केंद्रकात शिरलं, की सूज आणणारी जनुकं चालू करतं. त्याला बाहेरच धरून ठेवणारं दुसरं प्रोटीन असतं, रोधक. गोळीनं हे रोधक वाढतं."

"म्हंजे मोकाट शेरडाला दाव्यानं खुट्टीला बांधायचं."

"अगदी बरोबर!" मी टाळीच वाजवली. वर्गात इतक्या झटकन कुणाला कळत नाही.

खरं तर ते रोधक टिकत नाही. पेशी त्याला सारखी मोडते, सारखं नवं घडवावं लागतं. शिवाय बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं, की शरीर स्वतःचं बनवायचं सोडून देतं. म्हणून गोळी हळूहळूच कमी करायची असते. मला सगळं पाठ होतं. म्हटलं, कशाला उगं तिच्या डोक्याला ताप! अक्कल शेण खायला गेली होती माझी.

महिन्याभरानं सूज उतरली आणि आक्कानं गोळ्या एकदम बंद केल्या. एकदा बांधलेलं शेरडू कोण पुन्हा पुन्हा बांधत बसतं, असं तिचं म्हणणं. चौथ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, अंगातलं त्राणच गेलं. दाजींना, तिच्या नवऱ्याला, वाटलं ऊन लागलं. जीपनं परभणीच्या दवाखान्यात नेईस्तोवर तिची शुद्ध हरपली होती.

मी पोचलो तेव्हा डॉक्टर दाजींवर ओरडत होते, "गोळी बंद करायला सांगितलं कुणी?"

दाजींनी मलाच पुढं ओढलं. "ह्यांना सगळं ठावं हाय, सायेब. ह्यांनी तिला नीट समजावलं व्हतं."

 आक्का त्याच दुपारी गेली. मीच मारली तिला, कुणी काही म्हणो.

दाजी तर काहीच म्हणत नाहीत. मागल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "मास्तर, मला बीपीची गोळी दिलीय. लय भ्या वाटायलंय. तुमी सांगाल तसंच करतो."