मोहितेकाकांचा बर्फ

मोहितेकाका बर्फाचा गोळा खायचे नाहीत, त्याची परीक्षा घ्यायचे. बडोद्याच्या खंडेराव मार्केटसमोर लारीवर, म्हणजे हातगाडीवर, गोळा घ्यायचा, वरून भरपूर पाक ओतवायचा आणि काडी तिरपी धरून उभं राहायचं. पाक हळूहळू आत मुरे आणि अख्खा गोळा काडीवरून सटकून रस्त्यावर पडे. "बघितलंस? वरून काही कळलं?" काका म्हणायचे. "वसंतातला डोंगर असाच सटकतो. ऊन वरून पितो, सुटतो खालून." आम्हाला वाईट वाटायचं ते वाया गेलेल्या गोळ्याचं. आमची अक्कल तेवढीच.

काकांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते. काकांनी मात्र नंदेसरीच्या एका रसायनांच्या कारखान्यात, सुरक्षा विभागात, तीस वर्षं काढली. निवृत्तीनंतर दर एप्रिलमध्ये ते बडोद्याची माणसं हिमाचलात न्यायचे. एका वर्षी आम्ही गेलो. बर्फाशी आमचा संबंध फ्रीजपुरता, पण बोलायचो असं, की हिमालय बडोद्याच्या वेशीवरच्या छाणीला लागूनच आहे.

काकांचा नियम साधा होता. रात्रीच्या थंडीने बर्फ घट्ट झालेला असतो तोवर, म्हणजे ऊन चढायच्या आत, उतार ओलांडायचा. त्यासाठी पहाटे चारला निघायचं. आम्ही चारला उठलो. मग नाश्ता. बडोदेकर एक वेळ प्राण सोडेल, नाश्ता सोडणार नाही. चहा उकळला, थेपले गरम झाले, लीलो चिवडो फिरला, लोणच्याची बरणी कुणाच्या सॅकमध्ये आहे यावर अर्धा तास चर्चा झाली. काका बूट चढवून बाहेर उभे. तीनदा "चालो" म्हणाले. उतारापाशी पोहोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते.

काकांनी एक पाऊल टाकलं. पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. वरून बर्फाच्या लहान लहान गोळ्या आपणहून घरंगळत येत होत्या. उताराच्या पलीकडे खिंड दिसत होती, जिच्यासाठी आम्ही इतक्या लांब आलो होतो. काका वळले आणि म्हणाले, "परत."

मी स्वतःला ग्रुपचा पुढारी समजायचो, त्यामुळे भडकलो. त्यात एक दुसरी टोळी आमच्या डोळ्यांदेखत हसतखेळत पलीकडे गेली.

"काका, ते गेले की. काय झालं त्यांना?"

"काही नाही झालं. त्यांचं नशीब त्यांच्यापाशी. मी चौदा डोकी आणलीत, चौदा परत नेणार."

तो उतार दिवसभर जागचा हलला नाही. हिमस्खलन झालं असतं तर आम्ही काकांच्या पाया पडलो असतो. झालं नाही, म्हणून ते भित्रे ठरले. बडोद्याला उतरल्यावर त्यांनी नेहमीसारखी प्लॅटफॉर्मवर डोकी मोजली, आणि मी घरोघरी सांगत सुटलो की म्हातारा टरकला. पुढच्या एप्रिलमध्ये त्यांच्याकडे कुणी नाव दिलं नाही. नंतरही नाही. काकांचा हिमालय मी बंद केला, आणि वर त्याची फुशारकी मारली.

पुढे एकदा लारीपाशी भेटले, तेव्हा राग आला का म्हणून विचारलं. म्हणाले, "कारखान्यात रोज फळ्यावर लिहायचो, आज अपघात नाही. त्याचे पेढे कुणी वाटत नाही, बेटा. सवय आहे मला." आणि काडी तिरपी धरली.

यंदा काका गेले. घरी, स्वतःच्या पलंगावर, झोपेत. बेसण्याला, म्हणजे शोकबैठकीला, आमचा सगळा ग्रुप आला होता. पोटं सुटलेली, केस गेलेले, एकीच्या कडेवर नात. कुणीतरी म्हणालं, काका माणूस गोड, पण जरा भित्रेच. सगळे दबक्या आवाजात हसले. मीही हसलो. निघताना काय वाटलं कोण जाणे, दारात थांबून मी एकेक डोकं मोजलं. माझ्यासकट चौदाच्या चौदा भरली.